बर्फ धप्पकन बसला

(आखातातलं एक शहर. विमानतळाहून फरीज बिन ओमरान या वस्तीकडे निघालेली ऑफिसची गाडी. शहाजी चालवतोय, मागे इंजिनिअर अंतरा.)

शहाजी : म्हंजी डोंगराच्या टोकाला गेलाच न्हाईत? ऑफिसात तर केक मागवलाय, ताई.

अंतरा : खाऊन टाका म्हणावं. दोनशे मीटर राहिले होते, शहाजीभाऊ. मी मागे फिरले.

शहाजी : दम लागला?

अंतरा : दम कसला! बर्फ बिघडला होता.

शहाजी : बर्फ बी बिघडतो? फ्रीज बंद पडला व्हता का तिकडं?

अंतरा : हसू नका. मोरोक्कोचा डोंगर, पलीकडे सहारा. तिथली लाल धूळ उडून बर्फावर बसते, इथे आपल्या गाड्यांवर बसते तशी. तिच्यावर पुन्हा बर्फ, पण मोकळा, साखरेसारखा. मग दोन दिवस नुसता वारा. वारा वरचा बर्फ दाबून दाबून फरशी करतो. झाली साखरेवर फरशी. आणि तीही उतारावर.

शहाजी : आन् तुमी त्या फरशीवर उभ्या.

अंतरा : मी पुढे, मागे ऑफिसातले चौघं. पाय टाकला आणि खालून धप्प! अख्खा उतार बोटभर खाली बसला.

शहाजी : आयला! माफ करा, ताई.

अंतरा : मी याहून वाईट बोलले. मराठीत, म्हणून निभावलं.

शहाजी : मंग?

अंतरा : म्हटलं, खलास, ही फरशी सुटणार, सगळे मागे. तर काशिफ म्हणतो, "यल्ला, चला! वाळवंटातल्या डोंगरावर कुठे बर्फाचे कडे कोसळतात?" रुकैया आणि शोभा माझ्याबरोबर उतरल्या. काशिफ आणि जियाद वर गेले.

शहाजी : आन् कोसळला.

अंतरा : नाही ना! तेच तर! तीन तासांत टोकावर फोटो काढून दात दाखवत खाली. ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. मला कुणीतरी कोंबडीचं स्टिकर टाकलंय.

शहाजी : कोंबडी कामून?

अंतरा : इंग्रजीत भित्र्याला कोंबडी म्हणतात.

शहाजी : आमच्याकडं भागूबाई म्हनत्यात.

अंतरा : वा, शुक्रन! मी उद्या सांगणार आहे, पोट बिघडलं होतं. विषय संपला.

शहाजी : पोटाचं नाव सांगू नका.

अंतरा : का हो?

शहाजी : गावाकडं मी खडीच्या क्रशरवर व्हतो. दगडाच्या भुकटीचा ह्यो एवढा ढीग. पावसानं वरून कडक, आन् खालून उपसून उपसून पोकळ. मला दिसत व्हतं. रामेश्वर वर चढला आन् मी आपला तंबाखू मळत उभा. म्हनलं, बोललो तर समदे हसतील.

अंतरा : अरे देवा.

शहाजी : गळ्यापतुर गाडला. वाचला, पर एक पाय गेला. आता सरपंच हाय. दर दिवाळीला फोन करून माझी आयमाय काढतो.

अंतरा : आणि तुम्ही?

शहाजी : ऐकून घेतो. ताई, ढीग नसता कोसळला तरी मी चुकलोच व्हतो. तंबाखू मळतानाच चुकलो व्हतो.

अंतरा : थांबा, लिहिते. "आवाज ऐकला, घाबरले, मागे फिरले. पुन्हा ऐकला तर पुन्हा फिरेन." पाठवू?

शहाजी : सिग्नल सुटायच्या आत पाठवा, न्हाईतर इचार बदलंल.

अंतरा : पाठवलं. हं, आली. आणखी एक कोंबडी. काशिफचीच.

शहाजी : अंडी बी देईल आता.

अंतरा : एक मिनिट. जियादचा मेसेज आलाय. ग्रुपवर नाही, फक्त मला.

शहाजी : काय म्हनतोय?

अंतरा : "वर जाताना तो आवाज मला आणखी दोनदा आला. मी काशिफला बोललो नाही. तेव्हापासून डोळा लागलेला नाही."

शहाजी : (गाडी कडेला घेतो.)

अंतरा : काय लिहू त्याला?

शहाजी : माझा नंबर द्या. अरबी मोडकी हाय माझी, पर तेवढं सांगता यील.