त्या जीपखाली माझा हात नव्हता

जमलेल्या दादांनो, आयाबायांनो,

मला सभेत बोलायची सवय न्हाई. आजवर मागं बसून ऐकलं, दुसऱ्यांच्या फोटोला हार घातलेले बघितले. आज फोटो आमच्या मिस्तरींचा, माझ्या नवऱ्याचा हाय. गुरुजींनी माझं नाव पुकारलं तवा वाटलं, न्हाई म्हनावं. तरी उभी ऱ्हायले. आज बोलले न्हाई तर जन्मभर घशात अडकून ऱ्हाईल. आन एक सांगते, रडून झालंय माझं. मी रडायला उभी न्हाई.

आत्ता माझ्या आधी तात्यासाहेब बोलले. म्हनाले, कसबी मानूस गेला, गावाचं नुकसान झालं. उपरन्यानं डोळं पुसलं. वा, तात्यासाहेब! बसा, बसा. उठू नका. तुमचं समद्यांनी ऐकलं, आता माझं ऐका.

बाहेरगावचे पाव्हणे हायेत म्हनून पयल्यापासून सांगते. दगडू मिस्तरींचं दुकान खर्ड्याच्या रस्त्याला. गाड्यांचा पत्रा कुजला, भोकं पडली, की लोक त्यांच्याकडं यायचे. गॅसच्या जाळानं भोक बुजवायचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पन पत्रा कागदावानी पातळ. जरा घाई केली की बोटाएवढं भोक मुठीएवढं हुतं. म्हनून मिस्तरी आधी कुजका काठ कापून काढायचे, चकचकीत पत्रा लागंस्तवर. मग वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब, थांबायचं. थंड हू द्यायचं. मग दुसरा थेंब.

तात्यासाहेबांची जीप अशीच आली. मागल्या सीटखालचा तळ पार चाळन झालेला. मिस्तरी म्हनाले, "तात्यासाहेब, बुजवायला काठच ऱ्हायला न्हाई. समदा तळ नवा टाकावा लागंल."

"तळबिळ नको. भोकं तेवढी बुजव."

"तसं म्या करनार न्हाई. मानसं बसत्यात ह्यात."

"लई शाना झालास काय?" असं म्हनून गाडी घिऊन गेले. मी तिथंच हुते. माझ्या कानानं ऐकलंय.

पंधरा दिसांत जीप रंग लावून गावात परत आली. काळी कुळकुळीत. ह्या दुष्काळात मानसं खडी फोडायला जात्यात, ती तात्यासाहेब भाडं घिऊन त्यात कोंबून न्यायला लागले. आन एक दिवस चालत्या गाडीत तळ फाटला. कोंडाबाईचा पाय खाली गेला. गाडी थांबंस्तवर पाय उरला न्हाई. ती बघा, कोंडाबाई तिथं खांबाला टेकून बसलीय. आता खडी फोडायला न्हाई जात ती. कुठंच न्हाई जात.

मग तात्यासाहेबांनी पोलिसांत जबाब लिहून दिला. काय लिहून दिलं? का तळाची भोकं दगडू मिस्तरीनं बुजवली हुती. काम कच्चं केलं, म्हनून अपघात झाला. झालं! गावानं मान डोलवली. कोन म्हनालं मिस्तरीला दिसत न्हाई आता. कोन म्हनालं दारू पिऊन काम करतो. दादांनो, त्यांनी आयुष्यात सुपारी खाल्ली न्हाई. दुकानात गाडी यायची थांबली. मिस्तरी सकाळी दुकान उघडायचे, रस्त्याकडं बघत बसायचे. चार महिने बसले. दवाखान्यात छातीचं दुखनं म्हनून लिहिलंय. लिहू द्या. मी म्हनते ह्या आळानं खाल्लं त्यांना. तात्यासाहेबांनी खाल्लं.

तुमी म्हनाल, बाई, तुला काय ठावं? नवरे घरी कमी सांगत्यात. तर ऐका. हे कुनाला ठावं न्हाई.

भोक बुजवताना खालून तांब्याची जाड पट्टी धरावी लागते. वरनं वितळलेलं लोखंड खाली गळू ने म्हनून. तांब्याला ते चिकटत न्हाई. ही पट्टी कोन धरायचं? मी धरायची. गाडीखाली उतानी झोपून, डोळं मिटून. वीस वरसं. हे बघा माझ्या बोटांवरचे डाग. तुमाला वाटायचं चुलीवर भाजलंय. गिऱ्हाईक चहाला गेलं की मी खाली शिरायची, यायच्या आत बाहेर. बाईमानूस गाडीखाली झोपतंय म्हनून लोक हसतील, म्हनून मिस्तरींनी झाकून ठिवलं.

दगडू मिस्तरीनं बुजवलेल्या एकूनएक भोकाखाली माझा हात हुता. त्या जीपखाली माझा हात कधी गेला न्हाई. कधीच न्हाई!

मी त्यांना म्हनले, चला, मी येते जबाब द्यायला. सांगते समदं. तर म्हनाले, "तुला चार मानसांत उभी करून विचारतील, हसतील. ऱ्हाऊ दे." लई राग आला मला. अजून हाय. मला झाकायला गेले आन स्वता बुडाले.

काल तात्यासाहेबांनी मानूस धाडला, ज्वारीचं पोतं घिऊन. मी तसंच कोंडाबाईच्या घरी पोचवलं. तिचं हाय ते. मला ज्वारी नको. लोक म्हनत्यात माफ कर, गेलेलं मानूस परत येत न्हाई. का करू माफ? मला सूड पायजे. सरळ सांगते, मला ह्या मानसाचं तोंड खाली गेलेलं बघायचंय.

गुरुजी, मला थांबवू नका. झालंच माझं.

तात्यासाहेब आज त्याच जीपमधी बसून सभेला आलेत. बाहेर लिंबाखाली उभी हाय. फाटलं तिथं फळी ठोकलीय, पन बाकीची भोकं अजून तशीच बुजवलेली हायेत, रंगाखाली. मी म्हनते त्यात लोखंड न्हाई. गोनपाट कोंबून वर लांबी भरलीय. लांबी म्हंजे रंगारी भरत्यात ती, खडूची भुकटी आन तेल. मिस्तरींनी ती कधी हातात धरली न्हाई. मी खोटी असंन तर हितंच तात्यासाहेबांचे पाय धरंन, आन मिस्तरींचा फोटो उतरवून घरी नेईन. आन खरी असंन, तर तात्यासाहेब, कोंडाबाईच्या डोळ्यात बघून सांगायचं तळ कुनी भरला. मग कोन तुमच्या गाडीत पाय ठिवतंय तेबी बघू.

दादांनो, गेलेल्यासाठी दोन मिनिटं उभं ऱ्हायची आपली रीत हाय. आपन ती पाळू. पन हितं न्हाई, जीपपाशी. पायतानं घाला. कोंडाबाईला दोघी जनी धरा, तिला पुढं घ्या. लेकरांना गप करा. कुनी खोकू नका. मी तळावर हातोडी मारनार हाय. पत्रा असंल तर खनखन वाजंल, लांबी असंल तर बदबद. वळखायला मिस्तरी लागत न्हाई. तुमचे कान पुरे.

तात्यासाहेब, तुमी पुढं चला. समदे उठा. आन आता कुनी बोलू नका.