मशीन चालू असेपर्यंत

— नाही, चहा नको मला, तुम्ही बसा डॉक्टर, एवढंच सांगा, अजून किती वेळ आत राहतील हे? अर्धा तास? बरं. या काचेतून नुसते पायच दिसतात हो त्यांचे. आणि केवढा आवाज करतं तुमचं मशीन, पत्र्याच्या पिंपावर कुणी काठी आपटतंय जसं! यांना काही नाही म्हणा त्याचं — आयुष्यभर कानशिलावर ठोसे खाल्लेल्या माणसाला ठकठक ती काय! गेल्या वर्षी तुम्ही समजावलंत ना, जुन्या बॉक्सरांचे मेंदू तुम्ही मोजता, पाव कापावा तसे चकती-चकती फोटो घ्यायचे, एकेका चकतीत कुठला भाग केवढा ते बघायचं आणि बेरीज करायची — सगळं कळलं मला. यांचं माप वयाच्या मानानं थोडं कमी भरलं, तेही कळलं. मग मी विचारलं, म्हणजे झिजला का मेंदू? तर तुम्ही म्हणालात, सांगता येत नाही, मुळातच तेवढा असेल, पहिला ठोसा बसायच्या आधीचा फोटो असता तर कळलं असतं. आता तो कुठून आणू मी? धडधाकट पोराच्या मेंदूचा फोटो कोण काढून ठेवतं?

म्हणून आज पुन्हा. वर्षभरात किती घटला ते बघायला. वाट बघितली हो मी — तुम्हाला वाटेल, नवऱ्याचं डोकं शाबूत निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसली असेल. नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटत होतं, घटलेला निघावा. चांगला मूठभर घटलेला. — असं बघू नका माझ्याकडे. घटला असेल तर ते दारात उभं राहणं आजाराचं. नाहीतर त्यांचं स्वतःचं.

कुठल्या दारात म्हणजे? घरच्या, दुसऱ्या कुठल्या! मारत नाहीत हो, रिंगच्या बाहेर कधी हात उचलला नाही त्यांनी, तसं मनात आणू नका. नुसते उभे राहतात. मी पिशवी उचलली की हे उठणार, दारात जाणार, हनुवटी खाली, मुठी वर — आणि ‘कुठे?’ भाजीला. ‘कोण आहे तिथे?’ भाजीवाला आहे, कोण असणार! पहिल्यांदा हसले मी. तर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उभे. ताट वाढलं तरी हलले नाहीत. शेवटी मी पिशवी खुंटीला लावली तेव्हा बसले. आता स्वतःला कोपऱ्यापर्यंत जायचं झालं तरी मला आत ठेवून बाहेरून कुलूपच घालून जातात — तेवढाच पायांना आराम.

मुलगी म्हणते, आई, निघ. नणंदबाई म्हणतात, आजारी माणसाला टाकून गेलीस तर तोंड दाखवू नकोस. मी आपली दोघींना सांगते, माप येऊ दे. आजार निघाला तर राहायचं, नाही निघाला तर जायचं. सोपं ना? पण कसलं सोपं! आजार निघाला तर मी जन्मभर कुलपात. आणि नाही निघाला तर — तर मग हा माणूस पहिल्यापासून हाच होता म्हणायचं? मुलीच्या वेळी माझे पाय सुजायचे, तेव्हा वाकून सँडलचे पट्टे लावून देणारा? इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, तुमच्या फुटपट्टीकडे डोळे लावून.

काय म्हणालात? यंदाही नक्की नाही कळणार? वर्षाचा फरक फार बारीक असतो — अजून दोन-तीन वर्षं मोजावं लागेल?

बरं.

हे? हे त्यांचंच. आत धातू चालत नाही ना, नर्सबाईंनी काढून माझ्या हातात दिलं. घड्याळ, पट्टा आणि ही किल्ली. दोरीत बांधून गळ्यात असते, आंघोळीलाही काढत नाहीत. देताना माझ्याकडे बघितलं त्यांनी. ‘इथेच बस हं,’ म्हणाले — लहान मूल शाळेच्या दारात म्हणतं ना, तसं. मी म्हटलं, बसते. बसलेच की इतका वेळ.

धरा. धरा ना डॉक्टर, सगळंच धरा. किल्ली लागेल त्यांना, मला नको. नणंदबाईंचा नंबर आहेच तुमच्याकडे, त्यांना बोलवा न्यायला. एकटं सोडू नका, घरापासून लांब रस्ता चुकतात. आणि मोजे घालताना उजव्याची शिवण बोटांवर येऊ देऊ नका, चिडतात. — मी? मी मुलीकडे चाललेय. जिना डावीकडे ना? नको, उठू नका, सापडेल मला. थांबला का आवाज? — नाही, पुढचा सुरू झाला. बरं झालं. आणि डॉक्टर, ते माप आलं ना, की — मला कळवू नका.