बाबांची खालची खोली

यार, तुम्ही घराला खोली जोडायचं म्हणताय ना, आधी माझं ऐका. बाबांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून ते नागपूरहून इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला यायच्या आत खाली एक बेडरूम काढायची होती. कॉन्ट्रॅक्टर डेव्ह म्हणाला, "टू वीक्स."

बाबा आले तेव्हा तिथे नुसता खड्डा होता. आधी परमिट अडकलं, मग बर्फ पडला, मग खिडक्या चुकीच्या आल्या. दर वेळी तेच, "टू वीक्स." मी वैतागून त्याच्यावर ओरडायचो आणि बाबा त्याला चहा नेऊन द्यायचे. सहा महिने कठडा धरून एकेक पायरी चढले.

बाबांची परतीची फ्लाइट होती, त्या सकाळी डेव्ह हसत म्हणाला, "ऑल डन!"

एअरपोर्टवर मला मान वर करवेना. म्हटलं, "बाबा, सॉरी. मी त्याच्यावर विश्वास ठेवला."

बाबा म्हणाले, "अरे, मी तीस वर्षं नागपुरात लोकांची घरं बांधली. 'पंधरा दिवसांत देतो' म्हणणारा माणूस मला कळणार नाही? आल्या दिवशीच तुझ्या जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवल्या. चौदा आहेत."