सत्काराच्या दिवशीची जीन्स

माझा जन्म फरीदाबादचा, आणि हे आधीच सांगते, कारण पुण्याची माणसं हमखास विचारतात की तुमच्या मराठीत एवढं हिंदी कुठून आलं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. घरात मराठी, उंबरठा ओलांडला की हिंदी, अशी आमची वाटणी होती. मला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेत थोडक्यात राहिले आणि बी.एस्सी. नर्सिंगला गेले, तर आत्या म्हणाली, वहिनी, मुलीला एवढं शिकवून शेवटी बेडपॅनच उचलायला लावणार का, आणि आई म्हणाली, वन्सं, तुमच्यावर वेळ आली की हिलाच हाक माराल. वेळ आली, आत्याने हाकही मारली, पण ते जाऊ दे. सांगायचं ते हे की मला शरीराच्या कारभाराचं वेड होतं, कुठे काय अडलं की पुढे काय बिघडतं, हे जुळवत बसायला मला आवडायचं.

तेव्हा गुडगावात काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्यांतच आमचं नवं हॉस्पिटल, लॉबीत कारंजं, वरच्या मजल्यांवर परदेशी कंपन्यांचे साहेब. मागच्या बाजूला मात्र एक वॉर्ड होता, तिथे मानेसरच्या कारखान्यांतले अपघात यायचे. नव्या नर्सेसना तिकडेच टाकत, म्हणजे मलाही.

तिथे सतबीर होता. माझ्याच वयाचा, कारखान्याच्या शेडवरून पडून मान मोडलेला. मानेखाली काही हलत नव्हतं आणि काही जाणवत नव्हतं. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं की न हलणं हे मोठं दुःख. खरा घात न जाणवण्यात असतो. तुम्ही आम्ही बसल्या जागी चुळबुळ करतो, कारण कातडी आतून ओरडते. त्याचीही ओरडायची, पण ती हाक वर पोचतच नव्हती. हाडाखाली रक्त दबून राहिलं की मांस मरतं, आणि मेलेलं मांस माणसाला घेऊन जातं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुतीसुद्धा अंगाखाली राहू द्यायची नाही. जुन्या सिस्टर या कामाला कंटाळत. मी पद्धत बसवली, की चौघींनी त्याला ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं आणि इशारा त्यानेच द्यायचा, कारण हुकूम सोडायला त्याचा आवाज तेवढा शाबूत होता. तो एक-दो-तीन म्हणायचाच नाही, ओरडायचा, सिस्टर, रोटी पलट दे, जळ ज्यागी, आणि सगळा वॉर्ड हसायचा.

हळूहळू सगळ्याच रुग्णांना आम्ही तसं वळवू लागलो आणि त्या वॉर्डात पाठीला जखम झालेला पेशंट दिसेनासा झाला. हे वरपर्यंत पोचलं. हॉस्पिटलने नुकताच होतकरू नर्सेसचा सत्कार सुरू केला होता, त्यात माझं नाव आलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मला पुढे शिकायचं होतं, वॉर्ड चालवायचा होता, आणि अशा गोष्टी उपयोगी पडतात.

मग जनसंपर्क विभागाच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, पेशंट भी स्टेज के सामने चाहिए, इमोशनल लगेगा. मी अटी घातल्या, त्याच्या खुर्चीत फोमची जाड गादी हवी, आणि दर पंधरा मिनिटांनी दोघांनी उचलून भार हलका करायचा. बिल्कुल, बिल्कुल, असं त्या दोनदा म्हणाल्या. मला साडी नेसायला पाठवलं आणि त्याला तयार करायचं काम स्वतःकडे घेतलं.

व्यासपीठावरून मी त्याला पाहिलं तेव्हा तो कुणा पाहुण्याने भेट दिलेल्या नव्या चकचकीत खुर्चीत बसला होता, गादी नव्हती, ती म्हणे फोटोत वाईट दिसत होती. आणि अंगात जीन्स. त्याला कधीची हौस होती, मॅडमनी नवीकोरी आणली होती. जीन्सच्या मागच्या खिशांना तांब्याच्या टिकल्या ठोकलेल्या असतात, जाड शिवण असते. तुमच्या लक्षातही येत नाही, कारण तुम्हाला टोचतं आणि तुम्ही नकळत सरकता.

कार्यक्रम दुपारचा होता, पण प्रमुख पाहुणे वाटेत अडकले होते. मी उतरले, त्याच्याजवळ गेले, म्हटलं, सतबीर, चल, आडवा करते तुला. मॅडम म्हणाल्या, सिस्टर, पाँच मिनट, कॅमेरा लगा है. मेट्रन माझ्याकडे न बघता हसत म्हणाल्या, ड्रामा मत करो. आणि सतबीर काय म्हणाला माहितेय, आत्ता नको म्हणाला, इब ना, पहले फोटो तो आण दे, हीरो लागूं सूं के ना. मी म्हटलं, लगता है, पण उठ. तो म्हणाला, मन्नै तो कुछ ना होरया. हो, त्याला काहीच होत नव्हतं. तोच तर त्याचा आजार होता.

मी परत वर जाऊन बसले. पाहुणे उन्हं उतरल्यावर आले. त्यांनी माझ्या कामावर भाषण केलं, या मुलीच्या वॉर्डात एकाही रुग्णाला जखम होत नाही, आणि टाळ्या वाजत असताना तो खाली बसून दात काढून हसत होता, ती जखम अंगाखाली घेऊन.

वॉर्डात नेऊन जीन्स उतरवली तर मागे दोन्हीकडे लाल गोल उमटलेले. बोटाने दाबलं की तांबडं पांढरं व्हायला हवं, नाही झालं, म्हणजे खालचं मांस मरायला लागलं होतं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. तो म्हणाला, के देख री सै. मी म्हटलं, कुछ नहीं, डिझाइन छप गया है, आणि तो हसला.

पुढचं लवकर सांगते. कातडी काळी पडली, उघडली, हाड दिसू लागलं. मी तक्रार केली, तर उत्तर आलं की अशा पेशंटना जखमा होतातच. म्हणजे भाषणातलं एका आठवड्यात बदललं. त्याच्या कारखान्याच्या कंपनीने खर्चातून हात काढून घेतला, त्याला घरी पाठवलं, विष रक्तात गेलं, आणि त्यातच तो गेला. मी त्याच्या गावाला गेले, त्याच्या बापाला सरळ सांगितलं, बाबूजी, हे त्या दिवशीच्या खुर्चीने आणि कपड्याने झालं, आमच्याकडे झालं. त्यांनी हुक्का बाजूला ठेवला आणि म्हणाले, बेटी, तू यो के बता गई, मैं तो न्यूं सोचूं था के उस दिन वो राजी था. राजी म्हणजे त्यांच्या बोलीत खूश. त्या दिवशी पोरगा खूश होता, एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि खरं सांगून तेही मी घेऊन आले.

लॉबीत आमचा दोघांचा फोटो लागला होता. मी म्हटलं, काढा. त्यांनी काढला, सतबीरला कापून वेगळा केला आणि एकट्या मला पुन्हा लावलं. त्याच महिन्यात मी राजीनामा दिला.

आता फरीदाबादला वॉर्ड चालवते. यंदा माझ्या हाताखालच्या शबनमचं नाव सत्कारासाठी गेलं होतं, कामाला फार चांगली मुलगी, आणि ती नाचत आली, मॅडम, बस माझ्या पेशंटला अर्धा तास खाली हॉलमध्ये न्यायचंय. मी नाही म्हटलं. ती रडली, म्हणाली, तुम्हाला मिळालं, मग मला का नको. मी सगळं सांगितलं, तर म्हणाली, मी गादी घालीन ना, मी शेजारी उभी राहीन ना. मी पुन्हा नाही म्हटलं. तिच्या पेशंटशिवाय आयोजकांना ती नको होती, सत्कार दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला गेला, आणि शबनम आता कामापुरतंसुद्धा माझ्याकडे बघत नाही. नको बघू दे. आज सकाळी तिच्या पेशंटला मी स्वतः कुशीवर घेतलं, पाठ धडधाकट आहे. पोरीच्या हाताला यश येवो, आणि ते कुणाला दिसू नये.