विश्वंभरच्या निधनाची खातरजमा

मंडळी, आज एकच विचारतो. सख्ख्या भावाबद्दल कुणी काही सांगितलं, तर ते तुम्ही भावाला जाऊन विचारता — की मनात धरून वर्षानुवर्षं कुढत बसता? माना खाली घालू नका, ऐका!

एका तालुक्याच्या गावी रंगनाथ सोनटक्के नावाचे वार्ताहर होते. रस्त्यातला खड्डा, शाळेचं गॅदरिंग, कुणाचं निधन — सगळं जिल्ह्याच्या पेपरात धाडायचे. एकदा नवखेपणी जिवंत माणसाचं निधन छापून बसले! दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ पेपर घेऊन दारात. म्हणाला, फोटो तरी बरा लावायचा होता. हसता काय? रंगनाथरावांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून नियम — घरी स्वतः गेल्याशिवाय निधनवार्ता द्यायची नाही.

आणि स्वतःच्या घरात? मूळ गावी राहणाऱ्या धाकट्या भावाशी, विश्वंभरशी, नऊ वर्षं अबोला! आई रंगनाथरावांकडेच अखेरच्या आजारात होती. चुलतभावाने गावाहून येऊन सांगितलं, विश्वंभर येत नाही म्हणाला. झालं! आई वाट बघत गेली आणि रंगनाथरावांनी भावाचं नाव टाकलं. पुढे कुणी तो विषय काढला की हे उठून जायचे. साऱ्या तालुक्याची चौकशी करणारा माणूस — पाठच्या भावाला एक प्रश्न विचारला नाही!

मग एका सकाळी फोन आला. विश्वंभर सोनटक्के गेले, चार ओळी द्या.

रंगनाथराव फोन ठेवून गाडीची किल्ली शोधू लागले. बायको म्हणाली, कुणाला तरी फोन करून बघा. पण नियम तो नियम! मोटारसायकल काढली, आणि अठरा किलोमीटर हा माणूस हेल्मेटच्या आत रडत गेला. भांडण कुठल्या कुठे राहिलं, मंडळी. बातमी खोटी निघू दे, एवढंच देवाकडे मागणं!

अंगणात विश्वंभर शेंगा फोडत बसलेला. जिवंत! गेले होते वरच्या आळीतले दुसरे विश्वंभर. अर्धं गावच सोनटक्क्यांचं, करता काय?

खातरजमा झाली होती. तिथूनच परत फिरता आलं असतं. पण तीस वर्षांची सवय — आलोच आहे, तर विचारून घ्यावं.

"आईच्या वेळी तू येत नाही म्हणालास?"

"आदल्या दिवशीच पाय मोडला होता, दादा. एकट्याला येता येत नाही, दादाला गाडी पाठवायला सांग, असं म्हणालो होतो. दोन दिवस ओट्यावर तयार होऊन बसलो. मला वाटलं, तूच नको म्हणालास."

ऐकलंत? निम्मा निरोप वाटेतच सांडला! आणि दोघेही भाऊ उरलेल्या निम्म्यावर नऊ वर्षं रुसून बसले.

रंगनाथराव खाली बसले आणि भावाबरोबर शेंगा फोडू लागले. आई काही परत आली नाही, मंडळी. पण त्या दुपारी दोघे एका ताटात जेवले, आणि संध्याकाळी विश्वंभर दादाच्या मागे बसून नऊ वर्षांनी आईच्या घरी आला.

आता तुमचं बोला. ज्याचं नाव निघालं की तुमच्या कपाळाला आठी पडते, तो माणूस अजून आहे ना? मग अजून विचारता येतं! हरीचं नाव घ्या, आणि उद्या सकाळी त्याच्या दारात जाऊन उभे राहा.