भरलेली टाकी

पलंगावर नको काका, खुर्चीवर बसा — पलंगाचा एक पाय विटेवर आहे. आणि ‘सहज आलो’ हे पुन्हा म्हणू नका. सहज कुणी दोन विमानं बदलून येतं? बाबांनी धाडलंय तुम्हाला. धाकटे भाऊ ना त्यांचे, ऊठ म्हटलं की उठता. पोरगं बिघडलंय की नुसतं रुसलंय, बघून ये म्हणाले असतील. बघा की. गादी उचलून बघा. गोदामात खोकी चिकटवतो मी — वैमानिक व्हायला परदेशी आलेला माणूस! तुमच्या दिवाणखान्यात माझा गणवेशातला फोटो आहे ना, तो काढला तेव्हा मी विमानात पायसुद्धा ठेवला नव्हता. टोपीही दुसऱ्याचीच.

का सोडलं, का सोडलं — मास्तरमुळे सोडलं! मला विमान शिकवणारा तो. साठीचा, सगळं कळणारा. उड्डाणाआधी शिकाऊने पंखावर चढून, टाकीत डिपस्टिक बुडवून इंधन मोजायचं असतं. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, माणसावर तर नाहीच, हा पहिला धडा. आणि धडा देणाराच त्या दिवशी खालून ओरडला, ‘भरलीय टाकी, मी बघितलंय, चल!’ चढूच दिलं नाही हो मला. तासाभरात इंजिन खोकायला लागलं, मग समोरचा पंखा थांबला, आणि आम्ही नांगरलेल्या शेतात. मला खरचटलं. मास्तरचा मणका गेला.

उद्या चौकशी आहे. तो बिछान्यातून सांगतोय, पोराने मोजलं होतं. मी जबाब लिहून ठेवलाय, मोजू दिलं नाही. उद्या त्याचा परवाना जाणार, जन्माचा — जाऊ दे! म्हाताऱ्यांचं काय, चुकले तरी बरोबरच. आपल्याकडे बघा ना. बाबा गाडी चुकीच्या फाट्याला वळवायचे, आई मांडीवर नकाशा घेऊन गप्प, आणि मी मागून बोललो की, ‘मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नये.’ तुम्हीही माझ्या शेजारी बसून मान हलवायचात. लहानपणापासून हेच पाजलंत. मग जवळजवळ कोरडी डिपस्टिक हातात धरून त्या पंखावरून मी काय बोलणार होतो? साठीचा माणूस भरलीय म्हणतोय, म्हणजे —

काय? असं काय बघताय?

नाही, तसं नाही. चढलो होतो म्हणजे — अर्धवट चढलो होतो. शब्दात पकडू नका मला, ती बाबांची खोड. एकदाच बुडवली, घाईत. ऊन होतं, वाळतं ते पटकन, कुणाला नीट दिसतं? आणि तो म्हणाला ना भरलीय! त्याने म्हणायचं कशाला मग? मला वाटलं, त्याला माहीत असेल. मला खरंच वाटलं, काका. म्हणजे — वाटलं नाही. पण विचारायचं कसं?

तो कागद खाली ठेवा. माझा जबाब आहे तो. आणि पेन कशाला पुढे करताय? बदलू? वा! जन्मभर गप्प बस म्हणालात, आणि आज पहिल्यांदा बोल म्हणता, तेही माझ्याच विरुद्ध! तुम्ही कधी बोललात का बाबांसमोर? एकदा तरी?

बाबांना सांगा, भेटला नाही. उठा. — उठा म्हटलं ना, काका. आणि जाताना दार ओढून घ्या.