धाकट्या जावयांसाठी पहिला अल्बम

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मी डोळे मिटून बसलो होतो. शेजारी एक वयस्क जोडपं बोलत होतं.

“रविवारी धाकटे जावई पहिल्यांदाच येताहेत. प्रोग्रेसिव्ह रॉकची ओळख कुठल्या अल्बमनं करून देऊ?”

“कुठल्याच नको. थोरल्यांना पाऊण तासाचं एकच गाणं ऐकवलंत. तेव्हापासून ते खाली गाडीतच बसून राहतात.”

“त्यांना कान नाहीत.”

“पाय आहेत ना!”

“मग ह्यांनाही तेच लावतो. बघू.”

“लावा! म्हणजे दोन्ही मुली माहेरी एकट्याच येतील. त्यापेक्षा तो निळ्या कव्हरचा लावा. गाणी छोटी आहेत, आणि तिसऱ्यात बासरी गोड आहे.”

“तुला काय माहीत? तू तर कायम स्वयंपाकघरात असायचीस.”

“आपल्या स्वयंपाकघराला दार कुठं आहे?”